पुंगळ्या वेचणारी

१

गोळीचा आवाज आला, पण तिच्यामागून पुंगळी पडल्याचा आवाज आला नाही.

मी रेंजच्या बाहेरच्या खोलीत बाकावर बसले होते. डोकं ठणकत होतं म्हणून त्या दिवशी आत गेलेच नव्हते. आत ताईचा पिस्तुलाचा सराव चालू होता. मधलं दार जाड असलं तरी खालच्या फटीतून सगळं ऐकू येतं. आधी धप्प, आणि लगेच फरशीवर किणकिण. पिस्तूल गोळी पुढे फेकतं आणि रिकामी पुंगळी उजवीकडे उडवून देतं. ती फळीवर आपटते, खाली पडते, एकदोन उड्या मारते आणि गप्प होते. धप्प झालं की मी दचकते, किणकिण झाली की माझा श्वास सुटतो. माझं अंग त्या जोडीला सरावलेलं आहे.

त्या दिवशी नुसतंच धप्प. पुन्हा धप्प. मध्ये काहीच नाही, जणू वर उडालेल्या पुंगळ्या खाली यायचं विसरल्या होत्या. रेंजवरच्या मास्तरांनी सतरंजी अंथरली असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि ते मला पटलंही.

मग दार उघडून ताई बाहेर आली. मानेवरचा घाम पुसत होती, चेहरा खुललेला. तिच्या हातात पुंगळ्यांची आमची कापडी पिशवी होती, तळापासून फुगलेली.

"कधी पळालीस गं बाहेर?" ती म्हणाली. "पिशवी तिथेच टाकून."

मला टपली मारून ती पाणी प्यायला गेली. मी पिशवी मांडीवर घेतली. ती अजून ऊबदार होती.

२

आमच्या घरात जे काही नीट होतं ते ताईच्या हातून होतं. माझ्या हातून पदवी तेवढी नीट झाली. त्यानंतर नोकरीच्या मुलाखतीला गेले की कुणीतरी शेजारच्या खोलीचं दार आपटायचं आणि मी उत्तर विसरायचे. घरी बेल वाजली तरी माझ्या हातातला चमचा खाली पडतो. ताईने माझं नाव टिटवी ठेवलंय. पान हललं तरी ओरडत उठणारी. आईसुद्धा आता त्याच नावाने हाक मारते.

मग ताईच म्हणाली, घरात बसून कुढण्यापेक्षा माझ्याबरोबर रेंजवर चल. पिस्तूल बघूनच मी दाराशी मागे सरले. पण पुंगळ्या वेचायला हिंमत लागत नाही. रिकाम्या पुंगळ्या टाकून द्यायच्या नसतात. घासून, पुसून, तोंड सारखं करून त्या पुन्हा भरता येतात, आणि स्वतःच्या पिस्तुलातून निघालेल्या पुंगळ्या ताईला सगळ्यात प्याऱ्या. दुसऱ्यांच्यात मिसळू नयेत म्हणून मी प्रत्येकीच्या बुडाला जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका देते. ठिपका नसला तरी मी त्या ओळखते. ताईचं पिस्तूल पुंगळीच्या कडेला बारीक नखासारखा ओरखडा काढतं. ताईची नेमबाजी सगळं जग बघतं, तो ओरखडा फक्त मी बघते. तेवढीच माझी जागा.

रेंजचे दोन नियम मास्तरांनी पहिल्याच दिवशी पाठ करून घेतले. नेम धरायच्या लाकडी ओट्याच्या पुढे कुणी गेलं, तर जाताना आपले आवाज अडवणारे कानावरचे मफ ओट्याच्या खुंटीवर अडकवायचे. खुंटीवर मफ दिसले की पिस्तुलाला हात लावायचा नाही. आणि गोळी झाडण्याआधी मागच्या माणसाला विचारायचं. ताई डाव्या कानावरचा मफ जरासा उचलते आणि मान न वळवता विचारते, "टिटवी, मागे?" मी म्हणायचं, "ओ." 'हो' नाही, 'आहे' नाही. लहानपणी तिच्या हाकेला द्यायचे तीच ओ. मास्तरांना त्याचं हसू यायचं. पण ताई म्हणाली, ही एकच गोष्ट मला बंद कानांनीसुद्धा ऐकू येते.

ओ आली की ती मफ सोडते, आणि मग धप्प.

३

रात्रीच्या जेवणाला ताईने आईला सांगितलं, आज टिटवी एकदाही दचकली नाही. मला आधी वाटलं, टोमणा आहे. बाहेर बाकावर बसून राहिले म्हणून चिडवतेय. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझ्याकडे पाहिलं. आई माझ्याकडे असं कधी पाहत नाही. असं पाहणं ताईसाठी राखून ठेवलेलं असतं.

"खरंच?" आई म्हणाली.

"अगं, पाठीमागे दगडासारखी उभी. पुंगळी उडाली की हवेतच झेलायची. मला खालचा आवाजच येईना. इतका छान नेम मला कधी लागला नव्हता."

मी घास गिळला. मी नव्हतेच, एवढंच म्हणायचं होतं. पण मग आईची ती नजर विझली असती, आणि ताईने विचारलं असतं, तू नव्हतीस तर कोण होतं. शिवाय ताईची निवड स्पर्धा जवळ आली होती. माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय असं वाटलं असतं, तर तिने मला घरीच ठेवलं असतं.

"जमलं जरा," मी म्हटलं.

झोपताना तिने दिवा मालवायच्या आधी विचारलं, "ती पुंगळी जपून ठेवलीस ना? नेमक्या मधोमध लागलेल्या गोळीची. तुझ्या हातात दिली ती."

मी हो म्हटलं. मग अंधारात पडून राहिले आणि माझा रिकामा तळवा अंगठ्याने चाचपत राहिले. ताईने आजवर मला कधी एकही पुंगळी दिली नव्हती. मीच वेचून तिला द्यायची, असंच चालत आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पिशवी उलटी केली, स्वेटरचे खिसे उलटे केले, बाकाखाली वाकून पाहिलं. नव्हती. पिशवीतल्या सगळ्या पुंगळ्यांना मात्र जांभळे ठिपके दिलेले होते, माझ्या ठिपक्यांपेक्षा गोल आणि नेटके.

घरातली नेलपॉलिशची बाटली सुकून गेली होती. मी ती बराच वेळ हातात धरून बसले. मला भीती वाटायला हवी होती. पण माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की कोण आहे ही मेली, आणि ताईच्या पुंगळ्यांना हात लावायचा हिला अधिकार कुणी दिला.

४

पुढच्या सरावाला मी सगळ्यांच्या आधी ताईच्या मागे जाऊन उभी राहिले. ठरवलं होतं, आज दचकायचं नाही. आज मीही झेलणार.

"टिटवी, मागे?"

"ओ."

पहिल्याच गोळीला माझे खांदे कानांपर्यंत गेले. दुसऱ्या गोळीला हात पुढे केला आणि पुंगळी बोटांना लागून स्वेटरच्या गळ्यातून आत गेली. पिस्तुलातून निघालेली पुंगळी विस्तवासारखी असते. मी किंचाळले, नाचले, स्वेटर झटकला. ताईने पिस्तूल खाली ठेवलं, गोळ्यांचं मॅगझिन काढलं, मफ गळ्यात घेतले आणि माझी मान तपासली. रागावली नाही. फुंकर घातली. पण नंतर पुन्हा नेम धरताना हळूच म्हणाली, "परवा किती छान उभी होतीस गं."

हे मला मानेवरच्या चटक्यापेक्षा जास्त झोंबलं. त्या दिवशी तिचे नेम विखुरले. कागदी निशाणावरची भोकं बघून मास्तर म्हणाले, आज चाळणी केलीस की काय, पीठ चाळायला होईल. ताई हसली नाही. मी गुडघ्यांवर बसून पुंगळ्या गोळा केल्या. एकेक करून, कोपऱ्यातल्या, ओट्याखालच्या. उठताना सहज समोर पाहिलं. रेंजच्या टोकाला निशाणांच्या मागे जाड काळ्या रबराचा पडदा आहे, गोळ्या त्यातून आरपार जाऊन मागच्या लोखंडी पत्र्यावर अडतात. त्या पडद्याच्या खाली, जिथपर्यंत पुंगळी कधीच उडत नाही, तिथे एक पुंगळी उभी होती. पडलेली नव्हती. बुडावर, तोंड वर करून, कुणीतरी ठेवल्यासारखी उभी.

पंख्याच्या वाऱ्याने घरंगळली असेल, असं मी म्हटलं. घरंगळलेली पुंगळी उभी कशी राहील, हे मला घरी पोचल्यावर सुचलं.

५

मला एकदा बघायचं होतं, बस. ती माझ्याहून चांगली कशात आहे, एवढंच.

म्हणून त्यानंतरच्या दिवशी मी पुन्हा डोकं दुखतंय असं सांगितलं. ताईने माझ्या कपाळावर हात ठेवला, बाहेर बस म्हणाली आणि आत गेली. मास्तर पलीकडच्या कामाच्या खोलीत निशाणांच्या चौकटींना खिळे ठोकत होते. प्रत्येक ठोक्याला मी दचकत होते. मग आतून धप्प सुरू झालं. धप्प. धप्प. किणकिण नाही.

दाराला हाताच्या पंजाएवढी काच आहे, जाड आणि जुनी, तिच्यातून सगळं जरा पाण्याखालचं दिसतं. मी तिला डोळा लावला.

ताई पाठमोरी होती. हात ताठ, पाय रुंद, जसे नेहमी असतात. तिच्या उजव्या खांद्यामागे एक मुलगी उभी होती. केस माझ्यासारखे मागे बांधलेले. अंगात माझा राखाडी स्वेटर, डाव्या कोपरावर उसवलेला. मी माझ्या कोपराला हात लावला. स्वेटर माझ्या अंगात होता. उसवण बोटांना लागली.

पिस्तूल उडालं. तिचे खांदे हलले नाहीत. हात तेवढा वर गेला, आळस देताना जातो तसा सावकाश, आणि पुंगळी त्यात येऊन बसली. तिने हात मिटून घेतला, पुंगळी भाजत असूनही. ताईने मान न वळवता काहीतरी म्हटलं आणि दोघी हसल्या. हातोड्याच्या आवाजात ताईचं हसू मला ऐकू आलं नाही, तिची पाठ हलली त्यावरून कळलं. ताई माझ्याबरोबर नेम धरताना कधी हसत नाही. माझ्याबरोबर असली की तिचे खांदे अवघडलेले असतात. माझ्या दचकण्याची वाट बघत असतात.

मला रडू आलं. मी काय पाहतेय हा प्रश्न नंतरचा होता. आधी मला एवढंच कळलं, की ताई तिच्याबरोबर सुखात आहे.

तेवढ्यात त्या मुलीने मान वळवायला सुरुवात केली. गालाची कड दिसली, कान दिसला. मागे मास्तरांचा हातोडा पडला, मी ओरडून काचेपासून मागे झाले आणि बाकावर आदळले. पुन्हा काचेला डोळा लावायची माझी छाती झाली नाही. ताई बाहेर आली तेव्हा एकटीच होती, आणि म्हणाली, "बरं झालं आत आलीस शेवटी."

६

सांगावं, असं मी मास्तरांच्या दारापर्यंत जाऊन ठरवलं. मास्तर सैन्यातून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले, पण डोळे शाबूत. ताईच्या सरावाच्या वेळी आत दुसरं कुणी येतं का, असं मी आडून विचारलं. त्यांनी खिळे तोंडातून काढले आणि म्हणाले, तुम्ही दोघी सोडून माझ्या रेंजवर दुपारी माशीसुद्धा येत नाही. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, ताई खूश आहे हो तुझ्यावर, निवड झाली तर अर्धं श्रेय तुझं, असं परवा म्हणत होती. आणि एक मात्र बजावून ठेवलं.

"त्या रबरी पडद्यामागे सारखी काय जातेस? तिथे शिशाची भुकटी असते. जायचंच असेल तर मफ खुंटीला लावून जात जा. त्या दिवशी खुंटी मोकळी होती."

मी मान हलवली. अर्धं श्रेय तुझं. हे शब्द ताई माझ्या नावावर बोलली होती आणि ते माझे नव्हते. मास्तरांना खरं सांगितलं असतं तर ते शब्दही गेले असते. मी घरी जाताना त्या मुलीवर मनातल्या मनात इतकी चरफडत होते, की रस्त्यात मोटारीचा भोंगा वाजला आणि मी दचकलेसुद्धा नाही. हे माझ्या नंतर लक्षात आलं. क्षणभर मला आनंद झाला.

पडद्यामागे. म्हणजे ती तिथे असते. म्हणजे ताईने दिलेली पुंगळीही तिथेच असणार.

७

स्पर्धेआधीचा शेवटचा सराव. ताई पिस्तूल तपासून घ्यायला दुकानात जाणार होती आणि तिथून परस्पर रेंजवर येणार होती. मी आधी निघाले. मास्तरांनी किल्ली दिली आणि ते आपल्या चौकटींकडे वळले. बाहेर लख्ख दुपार होती. आत दिवे लावले तरी रेंज दुपारसारखी वाटत नाही. भिंतींना सगळीकडे मऊ काळा स्पंज लावलाय, तो आवाजही पितो आणि उजेडही.

ओट्यापलीकडे फरशीवर पुंगळ्या उभ्या होत्या. एकामागे एक, बुडावर, तोंडं वर करून, ताईच्या ओट्यापासून थेट काळ्या पडद्यापर्यंत. मी पहिली उचलली. कडेला ओरखडा, बुडाला जांभळा ठिपका. ठिपका बोटाला लागला. ओला होता.

परत फिरायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण त्या ताईच्या पुंगळ्या होत्या, आणि मी वेचल्या नाहीत तर कोण वेचणार होतं ते मला माहीत होतं. मी माझे मफ काढून खुंटीवर अडकवले. नीट अडकले की नाही, हलवून पाहिलं. मग ओट्याची फळी उचलून पुढे गेले आणि एकेक पुंगळी पिशवीत टाकत चालले.

रबरी पडद्याला मध्ये फट आहे. मी खांदा घालून आत शिरले. आत माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा, मागे तिरका लोखंडी पत्रा, खाली भुकटी. वास जळक्या तारेचा. पत्र्याच्या कडेवर, माझ्या डोळ्यांसमोर, एक पुंगळी ठेवलेली होती. तिला ठिपका नव्हता. तिच्यावर ताईने टोकदार काहीतरी घेऊन कोरलं होतं: टिटवी.

मी ती मुठीत घेतली. ती ऊबदार होती. मला इतकं बरं वाटलं, की दार उघडल्याचा आवाज मला उशिरा कळला.

ताईचा आवाज. काहीतरी सांगत होती, दुकानदाराची नक्कल करत होती. मध्ये थांबत होती, म्हणजे पलीकडून कुणीतरी उत्तर देत होतं. "आज लवकर आलीस," ती म्हणाली. मी पडद्याआडून ताई, ताई अशी हाक मारली. त्याच वेळी धूर ओढणारा मोठा पंखा सुरू झाला आणि माझा आवाज रबरात आणि स्पंजात जिरून गेला. मी पुन्हा ओरडले. मला स्वतःलाही ऐकू आलं नाही. फटीच्या वरचा, गोळीबार सुरू होणार असल्याचा लाल दिवा लागला.

हरकत नाही, मी म्हटलं. खुंटीवर माझे मफ आहेत. ताई आधी खुंटी बघते. कधीच चुकत नाही.

मी फटीला डोळा लावला. दूर, उजेडाच्या चौकोनात, ताईने खुंटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. खुंटी मोकळी होती. माझे मफ ताईच्या खांद्यामागे होते, बांधलेल्या केसांवर, राखाडी स्वेटरच्या वर. चेहऱ्याच्या जागी दिव्याचा उजेड पडला होता. त्यातलं मला एवढंच दिसलं, की ती ताईकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आईने त्या रात्री पाहिलं तशा कौतुकाने.

खाली बसावं, कडेला सरकावं, पिशवी फेकावी, हे सगळं सुचायला हवं होतं. पण त्या नजरेने माझं लाकूड झालं. हात हलेना. मुठीतली पुंगळी आता भाजायला लागली होती.

ताईने पिस्तूल उचललं. डाव्या कानावरचा मफ जरासा वर केला.

"टिटवी, मागे?"

सवयीने ओ माझ्या ओठांपर्यंत आली. मी ती दातांखाली धरली. मी ओ दिली तर ताई गोळी झाडेल. मी गप्प राहिले तर ती थांबेल, वळेल, विचारेल. उत्तर आल्याशिवाय ताई कधीच गोळी झाडत नाही. फक्त गप्प राहायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प राहिले आणि माझी मान, माझे खांदे, काहीच हललं नाही.

ताई थांबली. मफ तसाच वर धरून तिने पुन्हा हाक मारली, जरा लाडाने. "टिटवी?"

"ओ," तिच्या मागून कुणीतरी म्हणालं, माझ्याच आवाजात, जराही न थरथरता.